उज्जयिनीची सावली

२०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जयिनीत बांधकामांची लगबग चालू आहे. तीर्थक्षेत्राची डागडुजी होत असेल तर कुणी नाक मुरडू नये. परंतु या लगबगीत २८ मे २०२३ चा दिवस विस्मृतीत जाऊ नये, असे आम्हांस वाटते. अवघ्या सात-आठ महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, थाटामाटाने खुल्या झालेल्या 'महाकाल लोक' परिसरातील सप्तर्षींच्या सात मूर्तींपैकी सहा त्या दिवशी वादळाने कोसळल्या. मूर्ती पाषाणाच्या नव्हत्या, फायबरच्या होत्या. वादळ अनपेक्षित होते, असेही म्हणता येत नाही. मे २०१६ च्या सिंहस्थात वादळाने मंडप कोसळून माणसे दगावली होती. वैशाखातले माळव्याचे वारे ठाऊक असूनही पोकळ ऋषी उभे करण्यात आले!

महाकालेश्वराचे आजचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभारविले. हे रामचंद्रबाबा शेणवी, आपल्याच कोकणपट्टीतले. हे आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. ते काम टिकले. मात्र आमचा मुद्दा केवळ टिकाऊपणाचा नाही. क्षिप्रेचा घाट पाहावा. पाणी चढले की यात्रेकरू चार पायऱ्या वर सरकतो, ओसरले की खाली उतरतो. तेथेच स्नान, तेथेच श्राद्ध, संध्याकाळी तेथेच गावगप्पा. त्यासाठी ना यंत्र लागते, ना विजेचे बिल येते, आणि दगड निखळलाच तर गावचा गवंडी तो पुन्हा बसवू शकतो. सार्वजनिक वास्तू लोकांची होते ती अशी.

उज्जयिनीला उपदेश करण्याचा अधिकार आम्हां गोमंतकीयांना कितपत आहे, हा प्रश्नच आहे. त्याच वर्षी जुलैत चार्ल्स कोरिया यांच्या कला अकादमीतील खुल्या रंगमंचाचे छप्पर, नूतनीकरण चालू असतानाच, कोसळले. आपल्या देवळांच्या अग्रशाळा, जेथे परगावच्या महाजनाला रात्रीचा आसरा मिळे, त्यांची कळाही फारशी निराळी नाही.

तेव्हा सिंहस्थाच्या नकाशांवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांनी एकदा वैशाखातल्या दुपारी, बाराच्या ठोक्याला, तो परिसर अनवाणी चालून पाहावा, आणि थकलेल्या म्हातारीला सावली, टेकायला कट्टा व प्यायला पाणी किती पावलांवर मिळते ते मोजून मगच लेखणी उचलावी.