कळ ओळखावी जागेवरून

गुजरातमधलं वडोदरा ही मराठी गायकवाडांची राजधानी होती. २०१८चं मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं. या भागातल्या मराठी घराला एकाच संगणकावर मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा लागतात. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीची खरी किंमत इथे कळते. १९९१च्या भारतीय मानकातल्या या मांडणीत मराठी ‘क’ ज्या कळेवर, गुजराती ‘क’ही त्याच कळेवर. बोटांना एकदा सवय झाली की दोन्ही लिप्या हाती आल्या.

अडचण येते ती शॉर्टकटपाशी. लिनक्सवरच्या ‘स्वे’ या विंडो मॅनेजरमध्ये मूळ सेटिंगनुसार सुपर कळ (विंडोजचं चिन्ह असलेली) धरून डी दाबला की प्रोग्रामची यादी उघडते. इनस्क्रिप्ट चालू असेल तर तीच कळ हलन्त देते. विंडो मॅनेजर ‘डी’ची वाट पाहतो, तो येत नाही आणि पडद्यावर काहीच हलत नाही. सुपर कळच बिघडली असं माणसाला वाटतं. मग कोणी कीबोर्ड बदलतो, कोणी इनस्क्रिप्ट काढून टाकून रोमन अक्षरांत मराठी लिहू लागतो. या दुसऱ्या वाटेने मराठीचंच नुकसान होतं.

आधी मांडणी इंग्रजी करून तोच शॉर्टकट दाबून पाहावा. चालला, तर कळ ठणठणीत आहे. मग सेटिंगच्या फाइलमध्ये मांडण्यांच्या यादीत इंग्रजी पहिली ठेवावी आणि शॉर्टकट ठरवणाऱ्या ‘बाइंडसिम’च्या (bindsym) ओळीत ‘टू-कोड’ (--to-code) हा पर्याय जोडावा. स्वे आता पहिल्या मांडणीवरून कळेची जागा ठरवतो आणि मराठी चालू असतानाही शॉर्टकट लागू होतो. उजवा आल्ट मात्र शॉर्टकटसाठी वापरू नये. रुपयाचं चिन्ह त्याच्यासोबत चारची कळ दाबूनच उमटतं.

उपाय छोटासा आहे, पण तो शोधण्याचा भार मराठी लिहिणाऱ्यावर का? भारतीय मांडणी निवडली की हा पर्याय आपोआप लागू व्हायला हवा. इनस्क्रिप्ट शिकवणाऱ्या वर्गांनीही अक्षरांबरोबर शॉर्टकटचा धडा घ्यावा. आणि मराठी चालू ठेवून प्रत्येक शॉर्टकट दाबून पाहिल्याशिवाय कोणत्याही प्रणालीने ‘मराठीची सोय आहे’ असं म्हणू नये.