हसायचं कधी, हे कोण ठरवणार?

'चित्रपटावरून मालिका काढणं म्हणजे जुन्या नावावर नवा धंदा,' असं सरसकट बोललं जातं. मला ते मान्य नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. जुना कोड पुन्हा वापरणं आमच्याकडे गुन्हा नसतो. तो कशासाठी वापरला, ते बघायचं.

'मॅश' घ्या. रॉबर्ट ऑल्टमन यांचा चित्रपट १९७०चा, मालिका १९७२ ते १९८३. कोरियाचं युद्ध तीन वर्षांत थांबलं, मालिका अकरा वर्षं चालली. सीबीएस वाहिनीला विनोदामागे रेकॉर्ड केलेला हशा हवाच होता. निर्माते अडून बसले : शस्त्रक्रियेच्या दृश्यांत हशा नको. बरोबरच होतं. जखमी माणसासमोर कुणाला हसायला सांगू नये. १९७५मध्ये तर घरी निघालेल्या लाडक्या ब्लेकचं विमान पाडल्याची बातमी आली. प्रेक्षक चिडले, पण युद्ध असंच असतं.

तरीही माझी तक्रार आहे. ज्यांच्या देशात युद्ध पेटलं, ते कोरियन लोक बहुतेक वेळा कडेलाच राहिले. वेळ नव्हता, ही सबब दोन तासांच्या चित्रपटाला शोभते, २५६ भागांच्या मालिकेला नाही.

मालिका जरूर काढा. पण वाढीव वेळ चित्रपटात ज्यांना तोंड उघडू दिलं नाही, त्यांना द्या.