शेवाळात दडलेला बास

तळ्याच्या तळाशी शेवाळ माजलेले असले की नवखा गळवाला वैतागतो. दर वेळी गळाला हिरवा झुपकाच लागतो! पण अमेरिकेत ‘लार्जमाउथ बास’ पकडणारे मुरलेले शौकीन अशाच तळ्यांच्या शोधात असतात. शेवाळात किडे आणि छोटे मासे आसऱ्याला येतात. त्यांच्या मागावर बास येतो. प्रश्न एवढाच, की एवढ्या हिरवळीत त्याला शोधायचे कुठे?

बास दबा धरून झडप घालणारा शिकारी. त्यामुळे शेवाळ संपून मोकळे पाणी लागते ती कड, शेवाळाच्या मधली रिकामी जागा, उथळ पाणी एकदम खोल होते तो उतार आणि ओढा येऊन मिळतो ते तोंड, या त्याच्या आवडत्या जागा. हिरवेगार शेवाळ दिवसा पाण्यात प्राणवायू सोडते. कुजून तपकिरी झालेले शेवाळ मात्र असलेला प्राणवायूही खाऊन टाकते. तिथे वेळ घालवण्यात अर्थ नसतो.

तळ डोळ्यांना दिसत नसला, तरी हाताला कळतो. दोरीला शिशाचे वजन बांधून ते तळावरून सावकाश ओढायचे. शेवाळात ते अडकते, चिखलात रुतते आणि खडीवरून जाताना बोटांना टकटक जाणवते. ही टकटक म्हणजे सोन्याची खूण! वसंतात पाणी १५ ते २० अंश सेल्सियसपर्यंत तापले, की नर बास शेपटीने झाडून अशाच कठीण तळावर घरटे करतो आणि अंड्यांची राखण करतो.

१९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी या तरुणाने २२ पौंड ४ औंसांचा बास पकडला. दिवस महामंदीचे होते; तो विक्रमी मासा घरच्यांनी शिजवून खाल्ला! या विक्रमाची बरोबरी व्हायला ७७ वर्षे लागली. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना १० किलोंहून थोडा अधिक वजनाचा बास मिळाला.

पण जपानमध्ये बास हा पाहुणा. १९२५ मध्ये तो अमेरिकेतून आणला गेला, पुढे देशभर पसरला आणि तिथल्या मूळच्या लहान माशांवर तुटून पडला. बिवा सरोवर ज्या शिगा प्रांतात आहे, तिथे पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडायला २००३ पासून बंदी आहे.

मियागी प्रांतातल्या इझुनुमा या उथळ, चिखलाच्या तळ्यात तर गळवाल्यांचे हेच ज्ञान उलटे वापरले गेले. बासला घरट्यासाठी खडी हवी आणि तळ्यात तर चिखलच चिखल. मग स्वयंसेवकांनी खडी भरलेले ट्रे पाण्यात ठेवले. आयती जागा मिळाल्यावर बास तिथे अंडी घालू लागला. ठरावीक दिवसांनी ट्रे उचलायचे आणि पिल्ले बाहेर पडण्याआधीच अंडी नष्ट करायची, असा हा उपाय. खडा टाकून पाहणे म्हणतात ते हेच!

बासची आवड ओळखली, की एकाला मासा मिळतो आणि दुसऱ्याला आपले तळे वाचवता येते.