रिळावर लिहा, आत काय आहे ते

गोधडीचं कापड घ्यायला निघालेली बाई चार दुकानं पालथी घालते. रंग जातो का बघायला कापडाचा कोपरा ओला करून रुमालावर घासते, पन्हा मोजून घेते, मीटरमागे दहा रुपये कमी करायला पाव तास भांडते. मग पिशवी भरली की पायरी उतरता उतरता म्हणते, "आणि यावर जाईल असा एक दोरा द्या." दुकानदार कापडाचा तुकडा रिळांच्या खोक्यावर धरतो, जुळणारा रंग काढतो आणि व्यवहार संपतो. ती गोधडी किती वर्षं टिकणार हे तिथेच ठरतं. देणारा आणि घेणारी, दोघांनीही त्याचा विचार केलेला नसतो.

माझ्याकडे उसवलेल्या, फाटलेल्या गोधड्या, वाकळी आणि पॅचवर्कच्या रजया दुरुस्तीला येतात. त्या बघून मी ठामपणे सांगते, की यातल्या निम्म्याहून अधिक चुकीच्या दोऱ्याने खराब झालेल्या असतात. कापडाचा दोष नसतो, धुणाऱ्या बाईचा तर मुळीच नसतो. तरी बोल तिलाच लागतो.

गेल्या पावसाळ्यात एक रजई आली. खादीचे आणि हातमागाचे चौकोन, रंगसंगती देखणी, एकही चौकोन विरलेला नाही. पण जोड उघडे पडलेले. दोन चौकोनांमध्ये बोट जाईल एवढी फट आणि तिच्यातून आतला कापूस बाहेर आलेला. शाबूत राहिलेल्या शिवणीतला दोरा मी सुईच्या टोकाने उकलून काढला. चकचकीत, रेशमासारखा. ओला करून दोन चिमटींत धरून ओढला, तर लगेच तुटला. भरतकामाचा रेयॉन होता तो. रेयॉन ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. सुताचं नेमकं उलट, ते ओलं झाल्यावर जास्त बळकट होतं. म्हणजे प्रत्येक धुण्यात, ओल्या कापसाचा सगळा भार शिवणीवर आलेला असताना, त्या रजईचे जोड सर्वांत दुबळे होत होते. मालकीण म्हणाली, "वर्गात सांगितलं होतं, रंग जुळला की झालं." त्या वर्गाची फी भरून तिने ती रजई केली होती. शिकवणाऱ्याला दोऱ्यातलं एवढंही कळत नसेल तर त्याने फी घेऊ नये.

वर्गांना बोलायचं तर दोरा बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना आधी बोललं पाहिजे. बाजारातलं स्वस्तातलं कोणतंही रीळ हातात घेऊन बघा. वर एखादं चित्र, रंगाचा क्रमांक आणि 'उत्तम दर्जा' अशी ग्वाही. आत सूत आहे की पॉलिस्टर? कित्येक रिळांवर पत्ता नाही. नंबर किती? पदर किती? तंतू लांब की आखूड? काही नाही. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर आत काय काय घातलंय ते छापलेलं असतं, आणि वीस वर्षं अंगावर घ्यायची वस्तू ज्याने शिवायची तो दोरा निनावी!

हे आपल्याकडे चालतं याची मला जास्त चीड येते. माटुंग्याला १९२४ पासून कापसाच्या तंतूची लांबी, ताकद आणि बारीकपणा मोजणारी सरकारी प्रयोगशाळा आहे. आज तिला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या कापसाची प्रत तंतूच्या लांबीवर ठरते, भावही तिच्यावरच. कोईमतूरला १९७४ साली निघालेलं सुविन हे वाण तर अतिलांब तंतूसाठी जगभर नावाजलेलं आहे. शेतकऱ्याकडून माल घेताना मिलिमीटर मोजायचे आणि त्याच कापसाचा दोरा होऊन बाईच्या हातात आला, की सगळी मोजमापं गुंडाळून ठेवायची? तंतू लांब असेल तर दोरा बारीक असूनही मजबूत होतो, त्याला लव कमी सुटते. आखूड तंतूचा दोरा केसाळ होतो, त्याचा भुसा दात्यांखाली आणि शटलमध्ये साठतो आणि मशीन अडकायला लागतं. विचारलं तर दुकानदार म्हणतो, "मर्सराइज्ड आहे." जॉन मर्सर या इंग्रज माणसाने १८४४ च्या सुमारास सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून पाहिली आणि पुढे सूत ताणून धरून ती करायला लागल्यावर त्याला चकाकी येऊ लागली. त्याने रंग चांगला धरतो, ताकदही वाढते. पण आखूड तंतू त्याने लांब होत नाही. त्या एका शब्दावर भलताच दोरा खपवला जातो.

आणि जिथे नंबर छापलेला असतो तिथेही घोळ आहेच. इचलकरंजी-मालेगावच्या विणकराला सुताचा नंबर नीट ठाऊक असतो : ८४० यार्डांच्या किती लडी मिळून एक पौंड भरतात, तो नंबर. नंबर वाढला की सूत बारीक. क्विल्टिंगच्या कित्येक परदेशी रिळांवरचा ४० किंवा ५० हा आकडा मात्र एका किलोत किती किलोमीटर दोरा बसतो त्यावरून येतो. तिसरं माप टेक्स, म्हणजे हजार मीटरचं वजन किती ग्रॅम. इथे आकडा वाढला की दोरा जाड. त्यात पदर. ५० नंबरचा दुपदरी आणि ५० नंबरचा तिपदरी हे सरसकट एकाच जाडीचे नसतात. कोणतं माप आणि किती पदर हे न सांगता नुसता ५० छापणं ही फसवणूक आहे.

जाडीचा एवढा आग्रह कशासाठी, असं मला नेहमी विचारतात. तुकडे जोडताना आणि जोडलेल्या कापडावर टिपा मारताना दोऱ्याची कामं वेगळी असतात, म्हणून. जोडताना दोरा दिसायचा नाही, जागा खायची नाही, फक्त धरून ठेवायचं. पाव इंचाची शिवण घालून कापड उलगडून इस्त्री केली, की दोऱ्याच्या जाडीमुळे घडीत थोडं कापड जातं. समजा जाड दोऱ्याने प्रत्येक शिवणीत एक मिलिमीटर जादा खाल्लं. एका ओळीत बारा चौकोन असतील तर अकरा जोड, म्हणजे अकरा मिलिमीटर गेले. खालच्या ओळीत दुप्पट लांबीचे सहाच तुकडे असतील तर पाच जोड, पाच मिलिमीटर. दोन ओळींत सहा मिलिमीटरचा फरक पडला. मग बाई कापड ओढून, चुण्या घालून त्या ओळी जुळवत बसते आणि म्हणते, "माझं कापणंच चुकतं." तिचं कापणं अचूक असतं. ५० नंबरचा बारीक, दुपदरी, लांब तंतूचा सुती दोरा वापरला असता, सुई ११ किंवा १२ नंबरची लावली असती, तर ओळी जागेवर बसल्या असत्या. आपल्याकडे मशीनला सोळा नंबरची सुई बसवतात ती मोडेपर्यंत काढत नाहीत, आणि बारीक दोऱ्यालाही तीच वापरतात. भोकं मोठी, टाका ढिला.

आता पॉलिस्टर. या विषयावर दोन पंथ आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. एक म्हणतो, पॉलिस्टर स्वस्त, मजबूत, तुटत नाही, सगळ्याला तोच घ्या. दुसरा पंथ क्विल्टिंगची पुस्तकं वाचलेल्यांचा. ते म्हणतात, पॉलिस्टर पाप आहे, तो कापड सुरीसारखा कापतो. ठणठणीत नव्या कापडाला चांगला, बारीक पॉलिस्टर दोरा कापत सुटतो असं मी एवढ्या गोधड्या उकलून कधी पाहिलेलं नाही. कापड तुटतं ते टेन्शन आवळल्याने, टाके फार बारीक घेतल्याने, बोथट सुईने आणि धुळीने. रोज धुवायच्या दुपट्याला किंवा पिशवीला चांगला पॉलिस्टर खुशाल वापरा.

पण जुन्या लुगड्यांच्या वाकळीला त्याने हात लावू नका. इथे माझं मत पक्कं आहे. आईचं, आजीचं नऊवारी वापरून वापरून मऊ झालेलं असतं, त्याचं सूत थकलेलं असतं. अशा कापडात त्याच्याहून कितीतरी बळकट दोरा घातला, तर ओढ बसल्यावर दोरा तसाच राहतो आणि टिपेच्या रेषेवर कापड फाटतं. दोरा तुटला तर पुन्हा टीप मारता येते. आजीचं लुगडं पुन्हा विणता येत नाही. दोरा कापडाहून थोडा कमजोर हवा, हे जुन्या बायका कुठल्याही पुस्तकाशिवाय पाळत होत्या. सुती दोऱ्याचा लांब लांब धावदोरा त्या उगाच घालत नव्हत्या. आज 'पारंपरिक, शुद्ध सुती गोधडी' अशी चिठ्ठी लावून शहरात विकली जाते, तिच्यातला दोरा एकदा जाळून बघा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येईल आणि मऊ राखाडी राख पडेल. पॉलिस्टर असेल तर दोरा आक्रसेल, वितळेल आणि टोकाला कडक काळा मणी राहील. असे मणी मी पुष्कळ पाहिलेत. पॉलिस्टर वापरला म्हणून माझी तक्रार नाही, शुद्ध सुती म्हणून पैसे घेतले ही तक्रार आहे.

नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्याबद्दल मी फार बोलणार नाही. सुती कापडाची गरम इस्त्री त्याला सोसत नाही, उन्हाने तो पिवळा पडतो. घेऊ नका.

मशीनवर टिपा मारायला मात्र दोरा दिसला तर बिघडत नाही, दिसलाच पाहिजे. मशीनच्या टिपेत कला नसते म्हणणाऱ्यांनी कॅरिल ब्रायर फॉलर्ट यांचं काम बघावं. १९८९ साली अमेरिकेत पादुका इथल्या मोठ्या क्विल्ट प्रदर्शनात सर्वोत्कृष्ट ठरलेली त्यांची क्विल्ट सगळी मशीनवर शिवलेली होती. इथे ४० नंबरचा दोरा, त्याला १४ नंबरची सुई. हाताने क्विल्टिंग करायचा खळ लावलेला कडक दोरा मशीनला कधीही लावू नका. त्याची खळ टेन्शनच्या चकत्यांमध्ये साठते. वर सुती असेल तर बॉबिनमध्येही सुती भरा. आणि टेन्शन अंदाजाने फिरवू नका. आपल्या काळ्या मशीनची बॉबिन केस काढा, दोऱ्याला धरून लोंबकळत सोडा. आपोआप सरसर खाली आली तर ढिली आहे. हलका झटका दिल्यावर बोटभर उतरून थांबली तर बरोबर.

मशीनवर दोऱ्याची किती परीक्षा होते हे समजून घ्या. दर टाक्याला मशीन वरचा दोरा चांगला लांब खाली ओढून बॉबिनभोवती फिरवतं आणि परत वर खेचतं. टाका असतो जेमतेम अडीच मिलिमीटरचा. म्हणजे दोऱ्याचा प्रत्येक कण कापडात बसण्याआधी सुईच्या नेढ्यातून आणि कापडातून कितीतरी वेळा खालीवर घासला जातो. गाठाळ, कमी पिळाचा, वर्षभर काचेच्या कपाटात उन्हात पडलेला दोरा हे सोसू शकत नाही. तो तुटतो.

आणि तुटला की कुणाचं नुकसान होतं? गोधड्यांचं काम करून घेणाऱ्या एका ठिकाणी मी गेले होते. तिथल्या मावशींचा दोरा माझ्यासमोर पुन्हा पुन्हा तुटत होता. दर वेळी पाय थांबवायचा, टीप उसवून मागे यायचं, दोरा कड्यांतून, चकत्यांतून, वरच्या दांडीतून ओवून सुईत घालायचा, चष्मा सारखा करायचा, पुन्हा सुरू. मजुरी नगावर. मी विचारलं, "मावशी, हा दोरा कुणी आणला?" त्या मान वर न करता म्हणाल्या, "दोरा त्यांचाच असतो ताई. सुई मोडली तर पैसे आपले." दोऱ्यात वाचवलेले पैसे मालकाच्या खिशात आणि तुटण्यात गेलेला वेळ त्या बाईच्या मजुरीतून. याला काटकसर म्हणणाऱ्यांची मला लाज वाटते.

चांगला दोरा परवडत नाही म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा. एकेरी गोधडी दीड मीटर रुंद, सव्वादोन मीटर लांब. अडीच सेंटिमीटर अंतरावर उभ्या टिपा मारल्या तर साठ टिपा, १३५ मीटर शिवण. थरांतून वरखाली जाण्यात दोरा जास्त लागतो, म्हणून वरचा साधारण पावणेदोनशे मीटर धरा, खालचा तेवढाच. सगळा मिळून साडेतीनशे मीटर. त्याचं वजन दहा-पंधरा ग्रॅम. दीड-दोन किलोच्या गोधडीत दहा-पंधरा ग्रॅम! एवढ्यासाठी तुम्ही निनावी रीळ घेता, आठ दिवसांची मेहनत पणाला लावता आणि वर "परवडत नाही" म्हणता?

तेव्हा दुकानात रंग जुळवून झाला की विचारा : सुती आहे का, नंबर किती, कोणत्या मापाचा, पदर किती. उत्तर आलं नाही तर रीळ परत ठेवा आणि दुसऱ्या दुकानात जा. आणि बचत गटाला किंवा ओळखीच्या बाईंना गोधड्या शिवायला देत असाल, तर दोरा त्यांना निवडू द्या, त्याचे पैसे मजुरीत न धरता वेगळे द्या, आणि मोडलेल्या सुईचेही तुम्हीच द्या.