बाकी सगळं ठीक

आमच्या रायपुरात फोन ठेवताना मराठी माणूसही ‘बाकी सब बढ़िया’ म्हणतो. परवा कळलं, सगळी गंमत त्या बाकीतच आहे. चौबे कॉलनीतल्या भाचीनं लॅपटॉपला १ भागिले ९७ विचारलं. त्यानं ०.०१०३०९२७८३५०५१५४६४ एवढं सांगून हात टेकले. खरं आवर्तन तर ९६ अंकी! ‘मामा, हा पुढचे अंक गिळतोय.’ म्हटलं, अंकांमागे धावू नकोस, बाक्या लिहीत जा. ९७नं भागताना शून्य सोडलं तर बाक्या उरतात ९६च. एखादी पुन्हा दिसली की चक्र पुरं. ७चंच बघ: १, ३, २, ६, ४, ५ आणि परत १, म्हणून १४२८५७. मग दहा ओळींत प्रोग्रॅम चालला. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी तर १९५०च्या सुमारास, घरोघरी संगणक येण्याच्या कितीतरी आधी, आवर्ती दशांशांच्या चक्रांवर पुस्तकच काढलं होतं. माझं मत ठाम आहे: ज्यानं लांबलचक भागाकार कधी वहीत उतरवला नाही, त्यानं तो यंत्राला शिकवायला जाऊ नये. बाकी सब बढ़िया!