अवकाशाच्या कामात परभणी कुठे?

१४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ झेपावले. त्याला वाहून नेणाऱ्या रॉकेटच्या विकास इंजिनांच्या घडणीत विक्रोळीच्या गोदरेजचा हात होता, तर एस-२०० बूस्टरचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला तयार झाले. ३.२ मीटर व्यासाची ही पोलादी नळकांडी. तिच्या वेल्डिंगचा प्रत्येक सांधा एक्स-रेखाली तपासला जातो. केसाएवढी चीरही चालत नाही. हे काम पदवीपेक्षा हाताच्या सफाईवर उभे असते.

वालचंदनगर हे मुळात साखर कारखान्याचे गाव. त्यामुळे ‘आमच्याकडे शेतीच’ ही परभणीची सबब टिकत नाही.

शिवाय इथे पाया आहेच. १९७२ साली स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जागतिक बँकेच्या साहाय्याने रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रांच्या डिजिटल शेतीचा प्रकल्प राबवला गेला. ड्रोनची उड्डाण-नियंत्रण प्रणाली, संवेदक, दिशादर्शन ही संरक्षण उद्योगाचीही गरज आहे. मग जिंतूर, सेलूची आयटीआय झालेली मुले कामासाठी पुण्याची गाडी का धरतात?

विद्यापीठ, आयटीआय आणि एमआयडीसी यांना एका टेबलाशी बसवण्याची जबाबदारी पालकमंत्र्यांची आहे. नव्या घोषणा नकोत. आधी अचूक वेल्डिंग आणि सुट्या भागांच्या तपासणीचे एक प्रशिक्षण केंद्र परभणीला द्या.