जुळी झाली, दोष कुणाचा?

लग्नाला आलेल्या मुलीच्या हातात जोडकेळे दिसले की घरातली आजी ते काढून घेते. "खाऊ नको गं, जावळी होतील." जिंतूर, गंगाखेड, पालम, पाथरी, कुठेही जा, असे सांगणारी एखादी आजी भेटतेच. केळ्याचा आणि जुळ्यांचा काडीचाही संबंध नाही. एवढ्यावर भागले असते तर आम्ही हा विषय घेतला नसता. पण खरोखरच जुळी झाली आणि त्यात दोन्ही मुली असल्या, की सुनेला ऐकवले जाते, "आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं, हिनं माहेराहून आणलं." कुठे कुठे तर तिच्या चारित्र्यावर बोट ठेवण्यापर्यंत मजल जाते. म्हणून खरे काय ते समजून घेऊ.

जुळी दोन प्रकारची. एकाच बीजाचे दोन भाग होऊन झालेली जुळी अगदी सारखी दिसतात, दोन्ही मुलगे किंवा दोन्ही मुली. हा प्रकार सहसा घराण्यातून येत नाही. जगात सगळीकडे हजार बाळंतपणांत अशी तीन-चार होतात, मग घर गरिबाचे असो की श्रीमंताचे.

दुसऱ्या प्रकारात बाईची दोन बीजे एकाच महिन्यात पक्व होतात. ही भावंडे इतर भावंडांइतकीच सारखी किंवा वेगळी. घराण्याचा प्रभाव असतो तो इथे. जिच्या आईला किंवा बहिणीला अशी जुळी झाली, तिला ती होण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे दुप्पट. २०१६ साली शास्त्रज्ञांनी याच्याशी संबंधित दोन जनुकांची माहिती जाहीर केली. नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागातील योरुबा लोकांत जुळ्यांचे प्रमाण जगात फार मोठे आहे.

मग नवऱ्याच्या घराण्याचे काय? बीजे बायकोची, म्हणून सासूला जुळी झाली तरी सुनेला होतीलच असे नाही. पण तो गुण बापाकडून त्याच्या मुलीत उतरू शकतो. एक पिढी सोडून जुळी होतात असे जुनी माणसे म्हणतात, त्यामागे हे कारण असू शकते. घराण्याखेरीज बाईचे वय पस्तिशीच्या पुढचे असणे, आधीची बाळंतपणे जास्त असणे आणि मूल होण्यासाठी घेतलेले औषधोपचार, यांमुळेही शक्यता वाढते. तिळी क्वचितच होतात, पण अशा उपचारांनी त्यांचेही प्रमाण वाढले. आणि मुलगा की मुलगी, हे तर बापाच्या बीजावर ठरते. मग सुनेचा दोष कुठला?

आता कामाची गोष्ट. निम्म्याहून अधिक जुळी दिवस पुरे होण्याआधी जन्मतात, वजनाने कमी भरतात. आईला रक्तक्षय आणि रक्तदाबाचा धोका जास्त. म्हणून माहेरी जुळी झाली असतील तर ते दवाखान्यात पहिल्याच तपासणीला सांगा. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली तर दोन्ही बाळे एकाच वारेवर आहेत का, हे कळते. तसे असेल तर तपासण्या जास्त लागतात. बाळंतपण घरी नको, रुग्णालयातच. शासकीय रुग्णालयात ते मोफत व्हावे म्हणून २०११ पासून योजना आहे. पोटात जुळी असताना बाईला कोयता घेऊन उसाच्या फडावर नेऊ नका. उचल फेडता येते, गेलेले लेकरू परत येत नाही.

ग्रामपंचायतीला उभे राहणाऱ्या भगिनींसाठी आणखी एक. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनापेक्षा जास्त अपत्ये झाल्यास अपात्र ठरवणारी तरतूद महाराष्ट्रात आली, तेव्हाच तिच्यात एक खुलासा घातला गेला: आधीचे एकच मूल असताना पुढच्या एकाच बाळंतपणात जुळी किंवा तिळी झाली, तर ती एकच धरायची. कायद्याने जिला दोष दिला नाही, तिला घराने तरी का द्यावा?

आमचे सासवांना आणि नवरोबांना सांगणे एवढेच: जुळी झाली तर टोमणे मारू नका. दोन लेकरांना पाजणाऱ्या त्या बाईला दोन घास जास्त वाढा, आणि रात्री एक लेकरू तुम्ही मांडीवर घ्या.